न दाखवलेला भाग

वसमत, ४ ऑगस्ट २०२५

विहीणबाई धुरपताबाई यांना भागूबाईचा जय भीम.

पत्र बघून दचकला असाल. पोस्टमनही दचकला असेल, कारण हातानं लिहिलेलं पत्र त्यानं शेवटचं कधी वाटलं असेल कुणास ठाऊक. फोन करावा असं फार वाटलं. पण प्रज्ञेशने तुमचा नंबर माझ्या फोनमधून काढून टाकला आणि वकिलाने वर दम दिला की समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही, सगळं रेकॉर्ड होतं. समोरची पार्टी म्हणजे तुम्ही. पाच वर्षं रोज आठ वाजता, मालिका संपली रे संपली की फोन करून माझा जीव खाणारी बाई आता पार्टी झाली.

म्हणून हे पत्र. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा प्रज्ञेश हळदीच्या कामाने मोंढ्याच्या बाजारात असतो. माझी एकच अट आहे. तुमच्या ज्योतीचं आणि माझ्या प्रज्ञेशचं फारकतीचं जे कोर्टात चालू आहे, त्याचं एक अक्षर आपण लिहायचं नाही. ते वकील बघतील. आपण आपली मालिका बघू.

तर सांगा, ‘दोन दारांचं घर’ बघता की सोडलं? रेवती निघून गेली ते पाहिलंत का? घराण्याचा हार चोरीला गेला, नवऱ्याने म्हणजे समरने तिच्यावर आळ घेतला आणि ती भरल्या ताटावरून उठून चालती झाली. माईसाहेब सासू असून तिथेच उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या विहारात सध्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. साडेसहाला सुरू होतं आणि सव्वासातला सगळ्या बायांची चुळबुळ सुरू होते. परवा चपला घालता घालता सगळ्या जणी माईसाहेबांना शिव्या देत होत्या. मला ते पटलं नाही. गप्प राहणाऱ्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते कुणी दाखवत नाही. कॅमेरा लगेच रेवतीच्या डोळ्यांतल्या पाण्यावर जातो.

मी आता एकटीच बघते. आवाज मोठा ठेवते, म्हणजे घरात माणसं बोलत आहेत असं वाटतं. संपलं की हात फोनकडे जातो. मग तुम्ही काय म्हणाला असता ते मीच मनात म्हणून बघते. पण तुमच्यासारखं वाकडं बोलणं मला जमत नाही.

तुमची
भागूबाई


वारंगा फाटा, ११ ऑगस्ट २०२५

भागूबाई, जय भीम.

जीव खाणारी बाई म्हणालात ते लक्षात ठेवलंय. तुमचं पत्र आलं तेव्हा मी मुगाच्या शेंगा फोडत होते. हात पदराला पुसून चौकटीतच वाचलं. मग घरात बसून वाचलं. मग साडेसातला, जाहिराती लागल्या तेव्हा पुन्हा वाचलं. अंगणवाडीत तीस वर्षं लेकरांना अक्षरं गिरवायला लावली, पण तुमच्यासारखं गिचमिड अक्षर एकाही लेकराचं नव्हतं.

मालिका बघते तर! ती सोडून संध्याकाळी करू काय, भिंती बघू? माझं मत ऐका, तुम्हाला आवडणार नाही. चूक रेवतीची आहे. निघायचं होतं तर हार कुठे गेला ते शोधून, चारचौघांत दाखवून मग निघायचं. नुसतं ‘मी खरी आहे’ म्हटल्यावर कोण ऐकतं? जग पुरावा मागतं. सख्खी आईसुद्धा मागते.

आता तुमची अट मी एकदा मोडते, मग पुन्हा मोडणार नाही. हे मी कुणाजवळ बोललेले नाही. ज्योती गेल्या वर्षी मार्चमध्ये तुमच्याकडून आली ती मोकळ्या हाताने. म्हणाली, नर्सिंगचे आणि दहावीपासूनचे सगळे कागद प्रज्ञेशने हळद शिजवायच्या कुकरखाली भट्टीत घातले आणि भांडणात तसं बोलूनही दाखवलं. चार दिवसांनी सरकारी भरतीची कागदपत्र-तपासणी होती. प्रज्ञेश सांगतो की तिनेच एसटीत हरवले, आणि आता त्याच्यावर ढकलते. मी तिला एवढंच विचारलं, “खरंच जाळले का गं त्यानं? का तुह्याकूनच कुठं राहून गेले?” पोरगी उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी नांदेडला गेली. तिथे एका दवाखान्यात मदतनीस आहे. नर्स शिकलेली पोरगी, पण कागद नाहीत म्हणून चादरी बदलते. दुसऱ्या प्रतींसाठी अर्ज दिलेत, पण ती भरती तर गेलीच. तेव्हापासून ती या घरी आलेली नाही. फोन केला की “बरी हाय” म्हणते आणि ठेवते.

मी विचारायला नको होतं, हे कळतं. पण खरं सांगू का, मला अजूनही नक्की माहीत नाही. प्रज्ञेशला मी पाच वर्षं जेवू घातलंय. तो असं करेल असं वाटत नाही. आणि ज्योती खोटं बोलेल असंही वाटत नाही. या दोन्हींच्या मध्ये मी रोज बसलेली असते.

झालं. आता मालिकेचं लिहा.

धुरपताबाई


वसमत, २६ ऑगस्ट २०२५

धुरपताबाई,

अट मोडलीत. मोडलीत ती मोडलीत. मी तेवढा भाग वाचलाच नाही असं समजते.

समरला अपघात झाला आणि त्याला काही आठवेना, हे तुम्हाला अपेक्षित होतं का? मला वाटलंच होतं. मालिकेत माणूस चुकला की त्याची आठवण जाते. सोपं पडत असेल. आता त्याला फक्त आई ओळखू येते. विहारातल्या बाया म्हणतात, नाटक करून राहिला. मी म्हणते, नसेल करत. धुरपताबाई, माणूस वाईट नसतो. एखाद्या दिवशी त्याच्या डोक्यात काय शिरतं ते त्यालाही कळत नसेल. बायको पुढे जाईल, आपण मागे राहू, मोंढ्यात लोक हसतील, असं काहीतरी. समरचा बाप तो लहान असतानाच गेला आणि माईसाहेबांनी त्याला एकटीने वाढवलं. हे मालिकेत अजून दाखवलेलं नाही, पण असणारच. अशा आईला मुलाविरुद्ध तोंड उघडायला सांगणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं का?

इकडे ठीक आहे. प्रज्ञेश येतो, जेवतो, मोबाइल बघतो. मी विचारते, “भाजी कशी झाली?” तो म्हणतो, “बराबर हाय.” आमचं दिवसाचं बोलणं तेवढंच.

भागूबाई


वारंगा फाटा, ८ सप्टेंबर २०२५

भागूबाई, जय भीम.

मोंढा कुठून आला हो मालिकेत? समरची तर कंपनी आहे, काचेची. तुम्ही झोपेत बघता की काय?

आणि रेवती परत आली ते! चष्मा लावला, केस मोकळे सोडले, डॉक्टरीण म्हणून घरात शिरली, आणि एकालाही ओळखू येईना. आमचे हे असते तर मी डोक्यावर पाटी घेऊन आले असते तरी नुसत्या खोकण्यावरून ओळखलं असतं. मला एवढं हसू आलं की मोठ्यानं हसले. मग घरात माझ्याच हसण्याचा आवाज ऐकून गप्प बसले.

एक पैज लागली आहे. आमच्या शेजारची संगिता, तांड्यावरची, फाट्यावर बांगड्यांचं दुकान आहे तिचं. ती म्हणते, “सासूला घरातलं समदं ठाऊक राहते मावशी. हार कोनं घेतला तेबी ठाऊक हाय. ती दाबून बसली.” मी म्हटलं, ठाऊक असतं तर एव्हाना बोलली असती, तीही बाईच आहे. हरेल तिने आठवडाभर चहा पाजायचा. तुमचं काय मत? तुम्ही माईसाहेबांच्या फार बाजूच्या, म्हणून विचारते. खरं सांगा.

कोर्टाची तारीख सतरा नोव्हेंबर पडली आहे. ज्योतीची वकीलबाई म्हणते साक्षीदार कुणी नाही, तिचा नुसता शब्द आहे. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

धुरपताबाई


वसमत, २० सप्टेंबर २०२५

धुरपताबाई,

संगिताला चहा पाजा. माईसाहेबांना ठाऊक आहे. कालच्या भागात दाखवलं. तुमच्याकडे लाइट गेली असेल म्हणून सगळा भाग सांगते.

सकाळची वेळ असते, नुकतं दिसायला लागलेलं. समर कामाला लवकर लागलेला असतो, म्हणून माईसाहेब चहाची किटली आणि कप घेऊन मागच्या बाजूला जातात. तिथे भट्टी असते. समर तिच्यापुढे उकिडवा बसलेला असतो आणि त्याच्याजवळ रेवतीची फाइल असते. लाल, चेनची. चेनचं टोक तुटलेलं असतं आणि तिथे परकराच्या नाडीचा तुकडा बांधलेला असतो. तो एकेक कागद काढतो, वाचतो आणि आत घालतो. वाचतो, हे ध्यानात घ्या. दहावीचा कागद त्याने दोनदा वाचला. त्याला स्वतःला दहावीत किती पडले होते ते माईसाहेबांना माहीत आहे. शेवटी रिकामी फाइल घातली. प्लास्टिक जळाल्याचा वास दुपारपर्यंत नाकातून गेला नाही.

माईसाहेब हळदीच्या गोण्यांच्या थप्पीआड उभ्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या. किटलीतला चहा ओतून दिला, नवा केला आणि मग हाक मारत मारत गेल्या. संध्याकाळी रेवती घरभर फाइल शोधत होती तेव्हा माईसाहेबही तिच्यासोबत शोधत होत्या. पलंगाखाली वाकून बघितलं त्यांनी.

असा भाग होता. डायलॉग एकही नव्हता. सांगा आता, त्या बाईने काय करायला हवं होतं?

भागूबाई


वारंगा फाटा, २९ सप्टेंबर २०२५

भागूबाई, जय भीम.

अहो, कुठलं चॅनल लागतं तुमच्याकडे? त्या दिवशी आमच्याकडे लाइट होती, मी पूर्ण भाग पाहिला. रेवती आणि समर हॉटेलात जेवत होते आणि मागे गाणं चालू होतं, बाकी काही झालं नाही. तरी म्हटलं माझंच चुकलं असेल, म्हणून संगिताच्या मोबाइलवर आम्ही दोघींनी आठ दिवसांचे भाग पुन्हा पाहिले. दुकान तसंच उघडं टाकून पाहिले. भट्टीबिट्टी कुठे नाही. संगिता म्हणाली, “तुमच्या विहीणबाई दुसरंच कायतरी बघून राहिल्या.”

आणि जरा विचार करा. बंगल्यात चार नोकर असताना माईसाहेब किटली घेऊन कशाला जातील? हळदीच्या गोण्या कुठून येतील? आणि चोरी हाराची असताना कागद कशाला जाळतील? दोन मालिकांची खिचडी झाली तुमची. डोळ्यांची तपासणी करून घ्या. पैज मी हरलेली नाही.

धुरपताबाई


वारंगा फाटा, ५ ऑक्टोबर २०२५

भागूबाई,

आधीचं पत्र फाडून टाका. मी मूर्ख बाई आहे. भट्टी वाचली, कागद वाचले, तरी मनाने ते मालिकेतच ढकललं.

ते पत्र पेटीत टाकून घरी आले, तुमचं पत्र डब्यात ठेवायला घेतलं आणि पुन्हा वाचलं. परकराच्या नाडीचा तुकडा. तो मी बांधला होता. ज्योती अकरावीला होती, चेन तुटली म्हणून नवी फाइल मागत होती. मी म्हटलं नाडी बांधून देते, काय बिघडतं. माझ्या जुन्या परकराची पिवळी नाडी. तुम्ही रंग लिहिला नाही, पण मला दिसला.

मी जमिनीवर बसले ते संध्याकाळ झाली तरी उठले नाही. त्या दिवशी मी मालिका लावली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नांदेडला गेले. दवाखान्याच्या जिन्यात ज्योती भेटली, हातात चादरींची रास. मी म्हटलं, “पोरी, तुहं खरं हाय. मला समजलं.” तिने विचारलं, “कोनं सांगितलं?” मी तुमचं नाव सांगितलं. मला वाटलं रडेल, गळ्यात पडेल. ती म्हणाली, “म्हंजे मी सांगितलं तवा न्हाई पटलं. दुसरीनं सांगितल्यावर पटलं.” आणि चादरी घेऊन वर गेली. मी खाली तासभर थांबले, मग परत आले.

तुम्ही विचारलं होतं त्या बाईने काय करायला हवं होतं. ते मी नाही सांगणार, मी कोण सांगणारी? मी तुम्हाला पुढच्या भागाचं विचारते. सतरा नोव्हेंबरला माईसाहेब बोलणार आहेत का?

धुरपताबाई


वसमत, १८ ऑक्टोबर २०२५

धुरपताबाई,

माईसाहेबांना नाही जमणार.

त्यांनी आधीच सही करून टाकली आहे. मुलाच्या वकिलाने टाइप करून आणलं होतं की सून विनाकारण निघून गेली, कागद तिनेच हरवले, आणि हे मी शपथेवर सांगते. मुलगा शेजारी उभा होता. पेन त्यानेच हातात दिलं. आता सतरा तारखेला त्यांनी उभं राहून फक्त ‘होय, सही माझी आहे’ एवढं म्हणायचं आहे.

नाही म्हटलं तर त्यांनी जायचं कुठे? नवरा जाऊन तीस वर्षं झाली. मुलगा एकच आहे. जेवताना समोर बसतो, बोलत नाही, पण बसतो. भाजी बराबर हाय म्हणतो. तुम्ही हसाल, पण त्या दोन शब्दांवर माझा दिवस निघतो. तेही गेले तर घरात फक्त टीव्ही बोलेल.

मी भ्याले आहे, धुरपताबाई. आता माईसाहेबांचं नाव कशाला घेऊ? तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. तुमच्या पत्रात ती पोरगी एकीकडे आणि तुम्ही एकीकडे बसलेल्या दिसल्या आणि मला राहवलं नाही. पण कागदावर लिहिणं वेगळं आणि त्याच्या तोंडावर बोलणं वेगळं.

भागूबाई


वारंगा फाटा, २७ ऑक्टोबर २०२५

भागूबाई, जय भीम.

ज्योतीला मी तुमच्या पत्राचं सांगितलं होतं. तिचा फोन आला, ते पत्र वकीलबाईंना दे म्हणाली. मी नाही दिलं. ते मालिकेचं पत्र आहे आणि मला आलेलं आहे. पोरगी पुन्हा चिडली. चिडू द्या.

राग आहे का विचाराल तर आहे. पलंगाखाली वाकून बघितलंत त्याचा जास्त आहे. पण माझी लेक माझ्यासमोर उभी राहून खरं बोलत होती आणि मी तिच्याकडेच पुरावा मागितला. मग तुमच्यावर मी कुठल्या तोंडाने रागावू?

फारकत होणारच आहे. तुम्ही बोललात तरी होईल, नाही बोललात तरी होईल. फरक एवढाच की एकीत माझी लेक खोटारडी म्हणून बाहेर पडेल. बाकी मी काही मागत नाही. सतरा तारखेपर्यंत पत्र टाकणार नाही, म्हणजे मी मागे लागले असं व्हायला नको.

धुरपताबाई


वसमत, २० नोव्हेंबर २०२५

धुरपताबाई,

ज्योतीकडून कळलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐका.

सकाळी घरातून निघताना ‘होय, सही माझी आहे’ हेच म्हणायचं असं ठरवून निघाले होते. तसं म्हटलंही. प्रज्ञेश समोरच्या बाकावर होता, नवा शर्ट घातलेला. मग तुमची वकीलबाई उठली. लहान चणीची पोरगी आहे. तिने शांतपणे विचारलं, “आजी, फाइल कुठे गेली हे घरात कुणी पाहिलं का?” ज्योती मागे उभी होती. तिने मान खाली घातली होती. मी काय उत्तर देणार हे तिला माहीतच होतं, असं.

मला काय झालं कळलं नाही. मी म्हटलं, “माईसाहेबांनी पाहिलं.”

कोर्टात कुणीतरी हसलं. जजसाहेबांनी लिहिणं थांबवलं आणि विचारलं, “माईसाहेब कोण? त्यांना साक्षीला का आणलं नाही?” प्रज्ञेशचा वकील म्हणाला, म्हातारीला टीव्ही बघायची सवय आहे साहेब, मालिकेतली बाई आहे ती. सगळे हसले. प्रज्ञेशही हसला. माझ्याकडे बघून हसला, किती दिवसांनी. तेव्हा हसून मान डोलावली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं.

मी म्हटलं, “आनलंय साहेब. मीच हाय ती.”

मग सांगितलं. किटलीपासून वासापर्यंत सगळं सांगितलं. पलंगाचंही सांगितलं. सांगताना प्रज्ञेशकडे बघितलं नाही. त्याच्या वकिलाने रागाने विचारलं, “एवढं डोळ्यांनी पाहिलं, तर थांबवलं का नाही?” मी म्हटलं, “येळच भेटला न्हाई साहेब.” ते लिहून घेतलं आणि मला खाली उतरायला सांगितलं.

बाहेर आले तेव्हा प्रज्ञेशची गाडी नव्हती. चालत घरी आले. त्या दिवसापासून तो जेवायला बाहेर जातो. मी ताट झाकून ठेवते, सकाळी तसंच असतं. काल त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हटलं, “बाबा, शिव्या तरी दे.” तो कूस बदलून झोपला.

भागूबाई


वारंगा फाटा, २८ नोव्हेंबर २०२५

भागूबाई,

ज्योती आली! शनिवारी आली, दोन दिवस राहिली. माझ्याशी अजून तुटकच बोलते, पण राहिली. रविवारी माझ्या हातची आंबट चुक्याची भाजी खाल्ली, पुन्हा वाढून घेतली. संध्याकाळी मी टीव्ही लावला तर जवळ येऊन बसली आणि विचारलं, “ही चष्मेवाली कोन हाय?” मी तिला सगळी मालिका पहिल्यापासून सांगितली. बऱ्याच दिवसांनी माझ्या घरात दोन माणसांचा आवाज होता.

कोर्टातलं तिनेच सांगितलं. तुम्हाला ती अजून आत्याच म्हणते. म्हणाली, “आत्या बोलल्या तवा मी खालीच बसले, आई.” तुम्हाला सांग म्हणाली की दुसऱ्या प्रती निम्म्या मिळाल्यात आणि नवी भरती निघाली तर ती अर्ज करणार आहे.

भागूबाई, तुम्ही फार मोठं काम केलंत. एवढी हिंमत माझ्यात नव्हती आणि आमच्या साऱ्या गावात नाही. तुमच्यासारखी चांगली बाई मी पाहिली नाही. आता तिथे एकटं कुढत बसू नका. माझ्याकडे या. महिना राहा, दोन महिने राहा, कायमच्या राहा. घर मोठं आहे आणि माणूस मी एकटीच. कधी येता ते कळवा, मी फाट्यावर घ्यायला येते.

धुरपताबाई


वसमत, ९ डिसेंबर २०२५

धुरपताबाई, जय भीम.

ज्योती राहिली हे वाचून फार बरं वाटलं. त्या एका वाक्यासाठी पत्र चार वेळा वाचलं.

मी येणार नाही. प्रज्ञेश अजून बोलत नाही, ताटाला हात लावत नाही, पण तो याच घरात झोपतो. एखाद्या सकाळी त्याला भूक लागली आणि मी घरात नसले, तर माझ्या मनाला ते खपणार नाही. तो चुकला, पण तो माझा आहे. त्याला टाकून तुमच्याकडे टीव्ही बघत बसले तर कोर्टात बोलले ते सगळं नुसतं सुटका करून घेण्यासाठी बोलले असं होईल.

आणि मला चांगली बाई म्हणू नका. तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगाल, ज्योतीला सांगाल, म्हणून हे लिहिते आहे. कोर्टात मी एक खोटं बोलले. वेळ भेटला नाही म्हणाले.

त्या दिवशी लाकडं ओली होती. भट्टी पेटतच नव्हती. मी जाऊन उभी राहिले तेव्हा फाइल अजून बंद होती आणि तो फुंकर मारून मारून थकला होता. नुसता धूर होत होता. त्याने एकदा फाइल बाजूला ठेवली, डोळे चोळले आणि गुडघ्यांवर हात टाकून बराच वेळ तसाच बसला. मला वाटलं, आता उठेल, फाइल घरात नेऊन ठेवेल. माझ्या हातातली किटली गार झाली. मी त्याला लहानपणापासून ओळखते. चुकीचं काही करायला निघाला की तो असाच थांबायचा, कुणीतरी ओरडेल म्हणून वाट बघायचा. ओरडलं की लगेच सोडून द्यायचा. नुसतं नाव घेतलं असतं तरी तो उठला असता.

मी त्याच्या रागाला भ्याले आणि उभी राहिले. मग लाकडं पेटली. ज्योतीला हे वाचून दाखवा.

भागूबाई